गोमतीला मानवणारी हवा

कडेगाव,
रोहिणी नक्षत्र, मंगळवार

तीर्थरूप आक्काच्या पायांशी, धाकट्या भावाने, नानासोने, माईक नसताना केलेला नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल लावतेस की बाटली अजून कोनाड्यातच उभी आहे? म्हसवडला पाण्याचा टँकर सुरू झाला का? आम्ही सगळे बरे आहोत. फोनच केला असता, पण दुसऱ्या मिनिटाला तू "व्हय, व्हय, ठेव आता" म्हणतेस आणि ही गोष्ट दोन मिनिटांत मावणारी नाही. म्हणून लिहितो. तुझी नात वाचून दाखवेल. (अपेक्षा बाळ, आजीला सावकाश वाच. कंसातलं मात्र मनातल्या मनात.)

तर झालं असं. वैशाखात आमच्या शेजारच्या लालासाहेबांच्या नातवाचं लग्न झालं. बागायतदार माणूस, नवरदेवाला मंडपात आणायला त्यांनी उंट मागवला. उंट कसला, सांडणीच ती. नाकात लाकडी खुंटी, खुंटीभोवती माश्या, मदार एका अंगाला कलंडलेली, आणि डीजेच्या प्रत्येक ठोक्याला तिचे पाय थरथरत होते. लोक म्हणाले, उंट नाचतोय. मला शुभाशीर्वादासाठी दोन मिनिटं दिली होती. आक्का, तू मला ओळखतेस. मुक्या जनावराच्या वेदनेवर ताल धरणारा समाज कोणत्या तोंडाने स्वतःला माणूस म्हणवतो, इथून मी सुरुवात केली. मग वाळवंटातल्या काफिल्यांवर आलो, तिथून दयाधर्मावर. मध्ये लालासाहेबांनी खालून दोनदा हात जोडले. मी ते अभिवादन समजलो. अक्षता पडल्या तेव्हा मुहूर्त टळून वीस मिनिटं झाली होती. (लालासाहेब अजून बोलत नाहीत.)

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडतो तर आमच्या लिंबाला ती सांडणी बांधलेली आणि शेजारी तिचा मालक हरजी. राजस्थानातून एकेक जत्रा करत इथवर आलेला बारकासा माणूस. म्हणाला, "गुरुजी, इसके लिए आज तक किसी ने इतना नहीं बोला. बीमार है, मुझसे नहीं सँभलती. अब आप ही सँभालो." तिच्या मानेला त्याने क्षणभर डोकं टेकलं आणि विट्याच्या एसटीत जाऊन बसला. (तीस वर्षांत माझं भाषण ऐकून लगेच कृती केलेला हा पहिलाच श्रोता.)

जनावरांच्या डॉक्टर राजेश्वरीताई आल्या. प्रामाणिक मुलगी. म्हणाली, "सर, कॉलेजात उंटावर एकच धडा होता, तो मी ऑप्शनला टाकला होता." पण तिने बिकानेरच्या कुणा जाणत्या डॉक्टरला फोन लावला, नाकातली खुंटी काढली, जखम धुतली, रक्त तपासणीला पाठवलं. रोग निघाला सर्रा. चावणाऱ्या माश्यांमुळे तो रक्तात शिरतो. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो, आणि जनावर आतून झिजत जातं. तिने इंजेक्शन दिलं.

आमच्या ज्ञानूचं निदान त्याआधीच झालं होतं. ज्ञानू म्हणजे शर्यतीचे खोंड सांभाळणारा, टेम्पोवाला. "गुरुजी, वशिंड उतारलंय. माज्या खोंडाचं असंच कलंडलं हुतं," म्हणाला, आणि हळद-तेल चोळून त्याने तिच्या मदारीला फेटा बांधला. चार दिवस आमच्या दारात सत्काराला आलेला पाहुणा उभा असल्यासारखं दिसत होतं. बाकीचे लोक तिला पाणी पाजू देईनात. "आवं, टाकी हाय की तिच्यात." मदारीत पाणी नसून चरबी असते, हे मी त्यांना पाऊण तास समजावलं. तेवढ्यात तुझ्या भावजयीने, शालूने, मागच्या बाजूने दोन बादल्या पाजल्याही.

खायला मी उसाचं वाडं घातलं, तर तिचं पोट फुगलं. डॉक्टर म्हणाली, हिला बाभूळ, बोर, काटेरी पाला लागतो. आता ग्रामसभेत वेडी बाभूळ मुळासकट उपटायचा ठराव कुणी मांडला होता? मीच. सहा वर्षं मी त्यावर बोललो आणि नेमकं तेवढंच गावाने ऐकलं. पंचक्रोशीत औषधाला काटा शिल्लक नाही. रोज गाडीला कोयता बांधून परगावच्या ओढ्यांतून मी माझा शत्रू मागून आणतो. बोटांत काटे रुतलेत, म्हणून अक्षर असं आलंय.

तिचं नाव आम्ही गोमती ठेवलं. सकाळी मी पेपर मोठ्याने वाचतो, ती रवंथ करत ऐकते. अग्रलेख आवडला नाही तर मान फिरवते, आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं. परवा पहिल्यांदा तिने माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली. मी अर्धा तास हललो नाही, बोललोही नाही. शालू घाबरून बाहेर आली.

पण काल ताप पुन्हा चढला. डॉक्टर म्हणाली, "औषध परत देते सर, पण कालव्याचं पाणी, ऊस, या माश्या. पावसाळा इथं काढला तर ही जगणार नाही. कोरड्या रानात न्या."

कोरडं रान म्हटल्यावर मला जगात एकच ठाऊक आहे, तुमचं म्हसवड. आणि तिथेच माझी जीभ अडते. गेल्या दिवाळीत तुझ्या ओट्यावर बसून मीच तासभर बोललो होतो, की सत्तरीतल्या बाईने मेंढरांमागे फिरणं हे कष्ट नव्हेत, हा अन्याय आहे. तू ऐकलंस. मेंढरं गेली. "आता दारात जनावर नगं," म्हणालीस. आणि तरी तू रोज पहाटे उठून मेंढरांचं रिकामं वाडगं झाडतेस, असं कळतं. (अपेक्षा, हा कंस तेवढा मोठ्याने वाच. आक्का, माझं चुकलं. मला तुझे गुडघे दिसले, बाकीची तू दिसलीच नाहीस.)

म्हणून मी काही मागत नाही. फक्त तुझा सल्ला विचारतो.

तुझा,
नानासो

ता. क. सल्ला नको. गोमतीला ठेवून घेशील का? पाला तुझा तानाजी तोडणार आहे. त्याने कबूल केलंय, फक्त तुला सांगायला आईचा लेक घाबरतो. राजेश्वरीताई तिकडच्या डॉक्टरांशी बोलल्या आहेत. तू बसल्या जागेवरून नजर ठेवायची. जनावराकडे बघून ताप ओळखणारं आपल्या घरात तुझ्याशिवाय कुणी नाही.

ता. क. दुसरा. पोस्टाने चार दिवस गेले असते, म्हणून पत्र ज्ञानूच्या हाती देतोय. ज्ञानू टेम्पोने येतोय आणि टेम्पो रिकामा नाही. म्हणजे तू हे ऐकतेस तेव्हा गोमती तुझ्या दारात आहे. आधी तिच्या मानेवर हात ठेव. त्यानंतर नको म्हणालीस तर ज्ञानू तिला परत आणील आणि मी एक शब्द बोलणार नाही.

ता. क. तिसरा. तू नको म्हणालीस तर मला वाईट वाटेल. ठेव म्हणालीस तर गोमतीवाचून जरा जास्तच वाटेल. शालूने आत्ता सगळं पत्र वाचलं. म्हणते, "आवं, ह्या दोन ओळीच लिवा. बाकीचं खोडा."