पहाटेचा तास फक्त स्वतःसाठी

भवानी पेठ, सोलापूर
३ मार्च

श्री. शिवराजभावजी यांस ऋतुजाचा सा. न. वि. वि.

कामात लक्ष लागावं म्हणून तुम्ही दिवसभर फोन बंद ठेवता, तेव्हा पोस्टाला त्रास देतेय. आत्याबाई पडल्यापासून अंथरुणात आहेत. तुमच्या मातोश्री त्या, आठवत असतील. तुमच्या भावाला चादरीच्या कारखान्यात रात्रपाळी. माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा सोळाला सुरू होतेय. मागच्या खेपेला ती बुडाली, कारण तुमच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीत मी पुऱ्या तळत होते. यंदा बुडू देणार नाही. पंधरा दिवस आत्याबाईंना न्या.

लोभ आहे का ते कळवावे.
ऋतुजा

पुणे
६ मार्च

ती. सौ. वहिनींस शि. सा. न.

हाताने लिहिलेलं पत्र पाहून बरं वाटलं. मन शांत होतं. आईला हलवायची गरजच नाही. अडचण वेळेची नसते, नियोजनाची असते. माझ्या कार्यशाळेत लोक पैसे मोजून घेतात ते वेळापत्रक तुम्हाला घरचं म्हणून फुकट पाठवतोय. पहाटेचा तास फक्त स्वतःसाठी: आधी मौन, मग अभ्यास. त्या तासात कोणीही काहीही मागो, ‘नाही’ म्हणायला शिका. माझ्या दिनक्रमात आई बसत नाही, हे तुम्ही समजून घ्यालच.

लोभ वाढावा, तक्रार घटावी.
शिवराज

सोलापूर
१० मार्च

श्री. भावजींस सा. न. वि. वि.

वेळापत्रक मिळालं, काल पाळलंही. आपल्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि कधी येईल ते नळालाच ठाऊक, हे याच पेठेत मिसरूड फुटूनही तुम्ही विसरलात. मी मौनात बसले आणि गल्लीत पाण्याची बोंब उठली. शेजारच्या बनाबाईंनी दार बडवलं. तुमच्या आज्ञेप्रमाणे मी ‘नाही’ म्हटलं. पिंपं कोरडी ठणठणीत राहिली आणि आत्याबाईंचे कपडे तसेच. त्यांनी शिव्या सुरू केल्या. हे धाकट्या लेकाचं शास्त्र आहे असं सांगितल्यावर त्यांनी शिव्यांचा पत्ता तेवढा बदलला. वर म्हणाल्या, शास्त्र लई झालं, मला तितंच न्हेऊन सोड, डोळ्यांनी बघते की.

शनिवारी गल्लीतल्या चन्नप्पाच्या गाडीने त्यांना आणून सोडतोय. तुमचा ‘नाही’ त्यांच्यासमोर म्हणून दाखवा.

लोभाचं तुम्हीच नियोजन करा.
ऋतुजा

पुणे
२० मार्च

वहिनी,

मायन्याला वेळ नाही. आई माझ्याआधी उठते आणि मी मौनात बसलो की जेऊरच्या भावकीचं भांडण पहिल्यापासून सांगते. ‘नाही’ म्हटलं तर माझ्या तोंडून व्हय येईपर्यंत हाका मारते. काल ऑनलाइन कार्यशाळेत मी एकाग्रतेवर बोलत असताना तिने मागून लघवीचं भांडं मागितलं, सगळ्यांनी ऐकलं. तुम्ही हे रोज कसं करता? पेपर कधी संपतात? माझा फोन आता दिवसरात्र चालू असतो. तुमचा लागत नाही.

लोभ राहू द्या, आईला न्या.
शिवराज

सोलापूर
२४ मार्च

श्री. भावजींस सा. न. वि. वि.

पेपर छान चाललेत. पाणी आलं की तुमचे भाऊ भरतात. पहाटेचा तास फक्त स्वतःसाठी, हे तुमचं शास्त्र अगदी खरं निघालं. त्यासाठी आई तेवढी तुमच्याकडे असावी लागते.

अभ्यासात लक्ष लागावं म्हणून फोन बंद ठेवलाय. काही असलं तर पत्र टाका.

लोभ आहेच, सवडीने पाठवेन.
ऋतुजा