वेबसाइटमधली फट

६ जानेवारी, सोमवार

चूक माझीच आहे. आधी ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे काहीही झालं तरी स्वतःला फसवायला जागा राहणार नाही.

धार आणि देवास, दोन्हीकडच्या महाराष्ट्र समाजांनी मिळून लग्नाची स्थळं बघायला वेबसाइट काढायचं ठरवलं आहे. सव्वीसला उद्घाटन. मी धारची सचिव, म्हणून निमंत्रणपत्रिकेचा मजकूर मी टाइप केला. वर लिहिलं ‘वेबसाइट’. खाली चौथ्या ओळीत ‘वेब साइट’. एकाच कागदावर! आणि मी पोट कशावर भरते? पीथमपूरच्या औषध कंपनीत लेबलं तपासण्यावर. एक टिंब चुकलं तर अख्खा माल परत घेतो आम्ही.

मजकूर दोन्ही अध्यक्षांना पाठवला. धारचे अध्यक्ष मामंजी — म्हणजे वरच्या खोलीतच. देवासचे अध्यक्ष बाबा. सासरा इकडे, बाप तिकडे, मध्ये मी.

मामंजी खाली येऊन म्हणाले, “सूनबाई, वरची ओळ चुकली आहे. वेब साइट, दोन शब्द.”

पाचच मिनिटांनी बाबांचा मेसेज: “चौथी ओळ सुधार. वेबसाइट. एक.”

७ जानेवारी, मंगळवार

बाबांचा फोन आला! मला नाही, मामंजींना. बावीस मिनिटं.

हे लिहिताना हात थांबला, म्हणून कारण लिहिते. बाबा जुन्या वळणाचे. लेकीच्या घरी कामाशिवाय फोन करू नये, लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये. लग्नाला वीस वर्षं झाली, अनन्या सोळाची झाली, तरी बाबा इथे आले की पिशवीतून स्वतःची बाटली काढतात. चहाही नाही — चहातही पाणीच की! आधी आई फोन करायची. बाबा मागून ओरडून बोलायचे, म्हणजे नियम मोडत नसे. आषाढात आई गेली. आता मी करते. “बरा आहे. जेवलो. ठेव.” सतरा सेकंद. मोबाइल दाखवतो ना किती वेळ बोललो ते.

इथे येऊन राहा म्हटलं तर, “लेकीकडे? आणि काय म्हणून?”

तर बावीस मिनिटं! विषय — एक की दोन.

९ जानेवारी, गुरुवार

आज अडतीस मिनिटं. मामंजींना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन स्पीकरवर आणि सगळं घर श्रोता.

बाबा छत्तीस वर्षं सरकारी शाळेत संस्कृत शिकवत होते. “व्याहीबुवा, दोन शब्द मिळून एक अर्थ झाला, की समास. समासात मध्ये जागा नसते!”

मामंजी बांधकाम खात्यातले. “नारायणराव, तीस वर्षं गावोगावच्या साइटवर गेलोय मी. कुक्षी साइट. बाग साइट. कोणी माईच्या लालनं ‘कुक्षीसाइट’ लिहिलं होतं का कधी? बिल नापास झालं असतं! आणि दोन भिंती बांधल्या की मध्ये फट ठेवावी लागते. नाहीतर उन्हाळ्यात तडकतात.”

“शब्दाला ऊन लागत नाही.”

“तुमच्या देवासात नसेल लागत. एका गावात थोरली-धाकटी अशा दोन राजगाद्या चालवलेले लोक तुम्ही, आम्हाला एक-दोन शिकवणार?”

“म्हणूनच, उदाजीराव, एकाची किंमत आम्हाला जास्त!”

मामंजींनी फोनवर हात ठेवला. मग मला खुणेनं म्हणाले, चांगलं बोलला.

माझ्या नवऱ्यानं, तरुणनं, या सगळ्यात एवढंच केलं — टीव्हीचा आवाज वाढवला.

१२ जानेवारी, रविवार

वेबसाइट खरं तर अनन्या बनवते आहे. तिला मराठी बोलता येतं, वाचताना मात्र बोट फिरवावं लागतं. आज स्पीकरमध्ये तोंड घालून म्हणाली, “नाना, आबा, सुनो ना. पत्त्यात स्पेस टाकताच येत नाही. खुलेगी ही नहीं.”

तिकडून बाबांचा आवाज इतका चढला की फोन थरथरला. “बघा! यंत्रसुद्धा एकच म्हणतं!”

मामंजी जराही डगमगले नाहीत. “मग मध्ये तो डॉट कशाला असतो गं? ती फटच आहे!”

अनन्या माझ्याकडे बघून, “मम्मी, ये दोनों ठीक तो हैं ना?”

मी निःपक्षपाती राहायचं ठरवलं आहे. वहीत दोन रकाने आखले. डावीकडे एक, उजवीकडे दोन. वर्तमानपत्रं, बँकेची पाटी, विजेचं बिल, गॅसची पावती, सगळं तपासलं. एक — अकरा. दोन — तीन. म्हणजे बाबा बरोबर. पण बाबा बरोबर आहेत म्हणून मला आनंद झाला की एक बरोबर आहे म्हणून? आणि आनंद झाला म्हणजे मी आधीपासूनच बाबांच्या बाजूची होते का? मग बिलं निवडताना तसं काही केलं नाही ना? परत मोजली. अकराच.

कोणाला सांगितलं नाही. सुनेनं सासऱ्याला विजेच्या बिलानं हरवू नये.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मामंजींनी फोनवर तिळगूळ दिला. “घ्या, गोड बोला.” बाबा म्हणाले, “गोड बोलतो. पण एकच शब्द बोलतो.”

पंचेचाळीस मिनिटं.

१७ जानेवारी, शुक्रवार

पत्रिकेला उशीर होतो आहे. छपाईवाल्याकडे तिसऱ्यांदा गेले. तो हात जोडून म्हणाला, “मैडम, एक लिखो, दो लिखो. नीचे ‘भोजन’ लिखा है ना? भिया, पब्लिक तो आ जाएगी.”

हसले नाही. रात्रभर वाटत राहिलं — त्याचं खरं आहे.

१९ जानेवारी, रविवार

मिटवलं! लिहून ठेवते, मीच मिटवलं.

कंपनीत दोन विभागांचं पटलं नाही की आम्ही एक फॉर्म भरतो. काय बदल, का, कोणाला मान्य, सह्या. सह्या झाल्यावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. तसाच फॉर्म मी मराठीत केला. पत्रिकेवर एक शब्द, बॅनरवर दोन. पुढे चर्चा बंद.

बाबा बसनं आले. समाजाच्या हॉलमध्ये बसले, पिशवीतून बाटली काढली, पाणी प्याले, चष्मा पुसून फॉर्म दोनदा वाचला. “‘चर्चा बंद’ हे कायमचं का?”

म्हटलं, हो. कायमचं.

मामंजी पेन हातात घेऊन बराच वेळ नुसतेच बसले. मला वाटलं, हरल्यासारखं वाटत असेल. म्हणाले, “सूनबाई, एवढी घाई आहे का?” म्हटलं, छपाईवाला थांबलाय. मग दोघांनी सह्या केल्या. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

बाबा चारच्या बसनं परत गेले. घरी आलेच नाहीत. घरी यायला काम काय होतं?

२६ जानेवारी, रविवार

उद्घाटन झालं. पत्रिका एक म्हणत होती, बॅनर दोन. एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. श्रीखंड कमी पडलं ते मात्र सगळ्यांच्या लक्षात आलं.

२९ जानेवारी, बुधवार

घर किती शांत झालंय. तरुणनं टीव्हीचा आवाज कमी केला.

मामंजी सात वाजता फोन पुढ्यात घेऊन बसतात. वाजत नाही. आठला उठतात.

१ फेब्रुवारी, शनिवार

मीच बाबांना फोन केला. “बरा आहे. जेवलो. ठेव.”

सोळा सेकंद. एक कमी झाला.

३ फेब्रुवारी, सोमवार

देवासहून यमुनाबाईंचा फोन. बाबांच्या शेजारच्या, त्याच त्यांना डबा देतात. “शिखा, डबा अर्धा परत येतोय गं. मागच्या महिन्यात तर चाटूनपुसून यायचा. वर मला सांगायचे, यमुनाबाई, डबा लवकर द्या, सातला धारशी सामना आहे.”

सामना! मी वाद म्हणत होते, ते सामना म्हणत होते.

कंपनीत आज तीन लेबलं चुकीची पास केली. दुसऱ्या तपासणारीनं पकडली. मी काय मिटवलं? कोणी सांगितलं होतं मिटवायला? मला नीटनेटकेपणाची हौस, आणि त्यापायी बाबांचं सात वाजताचं माणूस मी काढून घेतलं.

मामंजींना म्हटलं, तुम्हीच फोन करा ना. म्हणाले, “काय बोलू? सही केली आहे मी. खात्यात तीस वर्षं काढली, सूनबाई. सही केली की केली.”

५ फेब्रुवारी, बुधवार

सुट्टी घेतली. विचार केला, समाजाच्या जुन्या रजिस्टरात कुठे तरी ‘वेबसाइट’ एका शब्दात सापडली, तर बाबांना पाठवता येईल. पुरावा मिळाला की बाबा फोन केल्याशिवाय राहायचे नाहीत. पुरावा हेही कामच.

कपाटातून रजिस्टरं काढली. २०१४चं उघडलं. तेव्हाही कोणी तरी वेबसाइट काढायची म्हणत होतं, पुढे काही झालं नाही. बैठकीचा वृत्तांत तीन पानं. ‘समाजाची वेबसाइट’, ‘वेबसाइटसाठी समिती’, ‘सदर वेबसाइट’. सात वेळा. सातही वेळा एकच शब्द, मध्ये केसाएवढीही फट नाही.

अक्षर मामंजींचं! खाली सही मामंजींची!

किती तरी वेळ जमिनीवर बसून राहिले. २०१४ साली आई होती. फोन आई करायची. तेव्हा मामंजींना दोन शब्दांची गरज नव्हती.

दारात चाहूल. मामंजी उभे. रजिस्टराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“काही सापडलं का?”

“नाही, मामंजी.”

“बरं झालं,” म्हणाले आणि जिना चढून गेले.

ते रजिस्टर मी पलंगाखालच्या पेटीत, गोधड्यांच्या तळाशी ठेवलं. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा पुरावा लपवला. झोप छान लागेल असं वाटतंय, त्याचीच काळजी वाटते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फॉर्म फाडणार होते. पण फाडायचं नसतं. आमच्याकडे कागद फाडणं हे सगळ्यात मोठं पाप. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, ‘रद्द’ लिहायचं, सही, तारीख. आणि कारण.

कारणापाशी वीस मिनिटं अडले. खोटं लिहायचं नव्हतं. शेवटी लिहिलं — ‘सचिवांची घाई.’

मामंजींपुढे ठेवलं. चष्मा लावून वाचलं. “रीतसर आहे,” म्हणाले. घड्याळात बघितलं. सातला पाच कमी. तेवढ्या पाच मिनिटांचाही धीर धरला नाही.

“व्याहीबुवा! तो करार रद्द झाला आहे. कागद समोर आहे माझ्या. आणि मुखपृष्ठावर ‘होमपेज’ जोडून कोणी लिहिलंय? होम वेगळं, पेज वेगळं!”

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज. मग बाबा, अगदी शाळेतल्या आवाजात —

“उदाजीराव, बसा. मी वही घेऊन येतो.”

एकाहत्तर मिनिटं. तरुणनं टीव्ही बंदच केला आणि ऐकत बसला.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी दारात रिक्षा. आधी पाण्याचा वीस लिटरचा जार उतरला. सीलबंद. मग बाबांची मोठी बॅग. मग शब्दकोश, सुतळीनं बांधलेला. मग बाबा.

माझ्याकडे न बघता मामंजींना म्हणाले, “हे फोनवर व्हायचं नाही. तुम्हाला ऐकू येत नाही, आणि येतं ते कळत नाही.”

“किती दिवस?” मामंजींनी विचारलं.

“निकाल लागेपर्यंत.”

जार देवासहून आणला! इंदूरला बस बदलली, तिथे हमालानं उचलला. कंडक्टर म्हणे, “दादाजी, धार में पानी नहीं मिलता क्या?” बाबांनी सांगितलं, “मिलता है. पर बेटी रहती है वहाँ.” कंडक्टरनं जार आपल्या सीटपाशी ठेवून घेतला.

जार आता मामंजींच्या खोलीत, दोन पलंगांच्या मध्ये उभा आहे. मी हिशेब केला. दिवसाला दोन लिटर धरले तर दहा दिवस. अठराला संपेल. मग काय, ते विचारायचं धाडस नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

‘होमपेज’ सुटलं नाही. ‘पासवर्ड’ सुरू झालं. अनन्या दोघांच्या मध्ये बसून वहीत लिहून घेते. मराठीत! बोट न फिरवता.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी वरून भांडण ऐकू आलं. बाबा म्हणत होते, “उदाजीराव, तुमच्या घरचं पाणी जड आहे हो. आठ दिवस झाले, पोट धरून बसतं.” मामंजी म्हणाले, “तुमच्या देवासात उन्हाळ्यात पाणी दिसतं तरी का? मुकाट्यानं प्या!”

पोछा घेऊन वर गेले होते. जार उचलून खालची फरशी पुसली.

सील अजून फुटलेलं नाही.