हिलालला ओळखणाऱ्या सुनेच्या नावे

मी, आधार नथू पाटील, वय अडुसष्ट, धंदा शेती, राहणार बोरखेडे, तालुका एरंडोल, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी पाच मिनिटे भांडून पाहावे.

१. राहते घर व विहिरीवरचे शेत, दोन्ही स्वकष्टार्जित, मी माझी विधवा सून लिलाबाई हिला देत आहे. भाऊबंद तिला घराबाहेर काढायला टपले आहेत, म्हणून कारणही लिहितो.

माझा पुतण्या हिलाल ब्राऊन शुगरचा व्यापारी. मंदसौरहून आग्रा रोडने त्याचा माल मुंबईला जाई. दोन राज्यांचे पोलीस मागावर होते, पण त्याचा फोटोसुद्धा कोणाकडे नव्हता. माझा मोतीलाल त्याचाच ट्रक चालवायचा. पाठदुखीवर औषध म्हणून हिलालने त्याला ती पूड लावली आणि माझा एकुलता एक मुलगा त्यातच गेला.

एवढा हुशार हिलाल, पण मागच्या साली कानबाईच्या रोटाला, श्रावणातल्या देवीच्या सणाला, गावी आला. रोटाचे गहू घरातल्या प्रत्येकाच्या नावाने मोजतात, आणि ते रोट भाऊबंदांखेरीज कोणी खायचे नाहीत. देवीचा वाटा चुकवायची त्याची हिंमत झाली नाही. गहू मोजताना लिलाबाईने त्याचे नाव ऐकले आणि धरणगावला जाऊन पोलिसांना सांगितले.

फौजदाराने भर पंगतीत विचारले, "हिलाल कोण?" सगळ्यांच्या माना खाली, माझीसुद्धा. चुलीपाशी बसलेली लिलाबाई पिठाच्या हातांनी उठली. "हाऊ हिलाल शे. मना मालकले पूड यानीच दिन्ही." हिलाल तिच्याकडे बघून हसला. ती जागची हलली नाही.

मी तापीचे पूर पाहिले, सातपुड्यात वाघ पाहिला, पण असली छाती पाहिली नाही. अजूनही ती ताट वाढते तेव्हा मी थक्क होऊन आधी तिच्याकडे पाहतो, मग जेवतो.

येत्या सोमवारी धुळ्याच्या कोर्टात तिची साक्ष आहे. जबाब फिरवला नाही तर रस्त्यातच संपवू, असा निरोप आला आहे. ती म्हणाली, "आबा, मी जासूच." मीही सोबत जाणार. परत येईन याची खात्री नाही.

२. लिलाबाईने पुन्हा लग्न केले तरी मिळकत तिचीच राहील. माणूस बघून करावे, एवढीच सूचना. ती ऐकेल असे नाही.

३. मोतीलालचे पाने व जॅक गॅरेजवाल्या सुकदेवला. मयतीला भाऊबंदांच्या आधी तो आला होता.

४. चुलतभाऊ अभिमन याला माझी काठी. तिला धरून तरी त्याने एकदा ताठ उभे राहावे.

ठिकाण: बोरखेडे
तारीख: २६ नोव्हेंबर १९९२

सही: आधार नथू पाटील

साक्षीदार पहिला: भाईदास सुपडू अहिरे, पोस्टमन. (सही)

साक्षीदार दुसरी: नर्मदाबाई रुपचंद पाटील, माझी वहिनी, हिलालची जन्मदाती. भाऊबंदांपैकी साक्षीला एकटी हीच आली. म्हणाली, "हिलाल मना पोऱ्या शे. मोतीलालबी मनाच व्हता. अंगठा कोठे करू?"
(डाव्या हाताचा अंगठा)