हाताचा गियर, पायाचा क्लच

करावे,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादूस,

साष्टांग नमस्कार लिहायला घेतलं आणि मलाच हसू आलं. तुला मी आयुष्यात कधी नमस्कार केलाय? तरी घे. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण बाजाराला जायचं म्हटलं की आपोआप बरा होतो. श्रुतीवहिनीला सांग, तिने पाठवलेलं लोणचं संपलं. ईश्वरीचा पुढचा दात पडला का?

तू म्हणशील, उलवे इथून वीस मिनिटांवर, खिशात फोन, आणि ही बया पत्र काय लिहिते! फोन केला होता रे. या महिन्यात तीनदा केला. तू "बोल" म्हणालास की मी "ईश्वरीला दे" म्हणायचे. म्हणून कागद.

बातमी मोठी आहे. उभा असशील तर बस.

बाबांची बुलेट चालू झाली! शहात्तर सालची, अकरा वर्षं पडवीत ताडपत्रीखाली पडलेली, तीच. काल सकाळी सातव्या किकला लागली. दुरुस्तीला ती दिवाळे गावात मामाकडे नेली होती, तिथली सगळी कुत्री भुंकायला लागली आणि मी इतकी ओरडले की अंकुशमामा म्हणाला, "पोरी, इंजिनचा आवाज आयकू दे जरा!"

पण ही अर्धीच बातमी. दादूस, आता ती गाडी डाव्या हाताच्या बोटांशिवाय चालवता येते. क्लच पायात आणि गियर हातात! ही आयडिया ईश्वरीमुळे सुचली. दिवाळीत वहिनी तिला घेऊन आली होती तेव्हा कार्टी म्हणाली, "पप्पा आंघोळ करताना बुलेटचा आवाज काढतात." वहिनीने तिला गप्प केलं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. बिनगियरची मोटार चालवणारा माझा भाऊ बाथरूममध्ये बुलेट चालवतो!

मग मी कंपनीतून आल्यावर रोज कागदावर रेघोट्या मारत बसले. इतकी वर्षं कंपनीच्या सीएनसी मशीनवर दुसऱ्यांचे पार्ट काढले, म्हटलं आता आपल्यासाठी काढू. आपल्या गाडीचं सगळंच उलटं, तुला माहीतच आहे. गियर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. डावा पाय क्लचला हवा, म्हणून ब्रेक उजवीकडे न्यावा लागला. गियर टाकीच्या डाव्या बाजूला आणायचा, तर उजवीकडच्या गियरपेटीतून इकडे यायला आडवी सळई लागली. ती दोनदा वाकली. तिसरी मी चांगल्या पोलादाची काढली, आता तिचा बापही वाकणार नाही. गियरचा दांडा अंकुशमामाने मोडीत काढलेल्या होडीचा दिलाय. "होरीला कवापासून हातानंच गियर टाकतंव, गारीला टाकला तं काय बिगारलं?" असं त्याचं म्हणणं. त्या दांड्याला बोटांनी धरायची गरजच नाही. तळहाताने पुढे ढकललं की वरचा गियर, मनगट अडकवून मागे ओढलं की खालचा. मी तीन बोटं चिकटपट्टीने बांधून शंभरदा टाकून पाहिलाय.

आणि क्लचची तर काय मजा सांगू! पायपट्टी सी-सॉसारखी मधोमध टेकलेली आहे. पुढे चवड्याने दाबली की इंजिन चाकाला जोडलं जातं, मागे टाचेने दाबली की सुटतं. आणि ठेवशील तिथेच राहते. मामा स्प्रिंग लावू म्हणत होता, मी लावू दिली नाही. पाय काढला तरी ती हलता कामा नये, कुणी धरून ठेवायची गरज पडता कामा नये, यावर मी अडून बसले. मामा म्हणाला, "इतका कला भांडतेस? कशापायी?" मी खाली वाकून नट आवळत राहिले.

पहिली चक्कर कोणी मारली असेल? बाबांनी! मी बसणार होते, तर हेल्मेट माझ्या हातातून काढून घेतलं. "मोरली तं म्हाताऱ्याची हाडं मोरतील." मासळी सुकवायच्या मोकळ्या जागेत गाडी निघाली. पहिला टाकला, दुसरा टाकला, आम्ही टाळ्या वाजवतोय. समोर सुंदराबाईचे बोंबील दोरीवर वाळत होते. बाबांनी थांबायला डावा पाय दाबला, तोही टाचेकडून. त्या पायाला तीस वर्षं एकच काम माहीत, ब्रेक! तिथे आता क्लच. इंजिन सुटलं आणि गाडी बिनबोभाट तरंगत सरळ बोंबलांत गेली. बाबा हेल्मेटवर बोंबील घेऊन बाहेर आले. सुंदराबाई धावत आली. "रस्ता नाय का रं तुला? माजे बोंबील चिरडायला फटफटी काढलीस?" आणि बाबा हसत होते, दादूस. दात दाखवून. असं हसताना मी त्यांना शेवटचं कधी पाहिलं, आठवत नाही. तू तिथे असतास तर तूही हसला असतास.

आरटीओच्या परवानगीचा अर्ज भरलाय. ती मिळेपर्यंत दिवाळ्यातच फिरवायची.

दोन पानं झाली आणि जे लिहायला बसले ते अजून लिहिलं नाही. पहिल्या दिवशी काय झालं ते मी गाळलं.

टेम्पोतून गाडी दिवाळ्याला नेली त्या दिवशी माझ्या बॅगेत पक्कड होती. क्लचची जुनी वायर कोणी बघायच्या आत मी काढणार होते, तोडून खाडीत टाकणार होते. पायाच्या क्लचला वायर लागतच नाही, सळई लागते, ही गोष्ट मला आयडिया सुचली तेव्हाच आवडली होती. का आवडली, ते तुला पुढे कळेल. पण मला कंपनीतून यायला उशीर झाला. पोचले तर मामाने गाडी खोलायला घेतलेली. बाबा बाजूला उभे. मामाने वायर ओढून काढली आणि म्हणाला, "ही तं अख्खी हाय."

बाबांनी ती हातात घेतली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटं फिरवली. मग माझ्याकडे बघितलं.

दादूस, वायर तुटली नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण साखळी साफ करत होतो. गाडी स्टँडवर, इंजिन चालू, गियरमध्ये. मी वर बसून क्लच धरलेला, तू खाली, उजव्या हातात तेलाची डबी, डाव्यात साखळीवर धरलेलं फडकं. तू "सोड" म्हणालास की मी सोडायचे, चाक थोडं फिरायचं, "धर" म्हणालास की धरायचे. मला सगळं जमत होतं. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला माझी मैत्रीण रंजिता दिसली. तिने हाक मारली आणि मी तिला हात दाखवला. डावा हात. एवढंच झालं. तू "सोड" म्हणाला नव्हतास.

तू ओरडलास तेव्हा मी म्हणाले, वायर तुटली. पंधरा वर्षांची होते, तोंडातून निघून गेलं. कोणी तपासलंच नाही. सगळे तुला घेऊन पळाले. मग दवाखान्यात तू बाबांना म्हणालास, "तीनदा सांगितलं होतं, वायर बदला." त्यांनी मान खाली घातली. त्यांना खरंच वाटलं की आपणच पोराची बोटं घालवली. तेव्हा मी दारात उभी होते. बोलायला हवं होतं. आज बोलू, उद्या बोलू करत अकरा वर्षं गेली. तू घर सोडलंस, लग्न झालं, ईश्वरी झाली, बाबांशी तू एक शब्द बोलला नाहीस आणि मी दर भाऊबीजेला तुला ओवाळत राहिले.

तू येत नाहीस म्हणून तुला माहीत नसेल. दर दसऱ्याला बाबा नवी क्लच वायर विकत आणतात. पूजेत ठेवतात, हळदकुंकू वाहतात, मग पडवीतल्या खिळ्याला टांगतात. अकरा झाल्या. दरवर्षी झेंडूचा हार मीच केला.

त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "कनी सोरला क्लच?" मी म्हणाले, मी. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जेवलेही वेगळे. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी दिवाळ्याला जाऊन सळई घासत बसले होते.

मी म्हणाले, बाबा, तुम्हीच दादूसला सांगा, तुमच्यावरचा आळ जाईल. तर म्हणाले, "मी नाय सांगनार. मी सांगितला तं त्याला वाटल बाप सुटाया बगतंय. तू लिव. आनि तिला वरडू नको म्हनून लिव, तवा ती पंदरा वरसांची होती."

हे शेवटचं मी लिहिणार नव्हते. त्यांनी लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं. तू वरड.

माझ्याशी नाही बोललास तरी मी ऐकून घेईन. पण बाबांचं काहीच चुकलं नव्हतं, दादूस. त्यांच्याशी बोल. आज बोल. ते त्रेसष्टचे झाले.

क्लच जिच्या हातात होता ती,
जागृती