नुसत्या पाण्याच्या तीन शिट्ट्या

३० नोव्हेंबर, रविवार. संध्या. ७.

आज घरात बंड झालं. विनिताला उद्यापासून बोरिवलीच्या एका लॅबमध्ये नोकरी. घरी यायला साडेआठ. म्हणून मॅडमचा प्रस्ताव असा, की रोज रात्रीचं जेवण आचोळे नाक्यावरच्या प्रिन्सीकडून आणायचं. कामणच्या गोडाऊनमधून घरी येताना मी पार्सल घ्यायचं, पैसे मी द्यायचे. भांडी ती घासेल. जणू उपकारच.

रेट विचारला. माणशी १२०. तिघांचे ३६०, तेही रोज! बारा वर्षं गोडाऊनचं परचेस सांभाळतोय मी. पुठ्ठ्याच्या खोक्यापासून फोर्कलिफ्टच्या टायरपर्यंत एक वस्तू छापील भावाने घेतलेली नाही. व्हेंडर माझ्या केबिनमधून घाम पुसत बाहेर पडतात. आणि ही मला रेट सांगते. घरचं ताट पन्नासच्या वर जात नाही, कागदावर दाखवतो, म्हटलं.

ती म्हणाली, कागदावर नको, गॅसवर दाखव. महिनाभर रात्रीचा स्वयंपाक तू कर, त्याची भांडीही तूच घास. ३१ डिसेंबरला जे स्वस्त ठरेल, ते पुढे कायम.

मान्य केलं. क्षितिजा साक्षीदार. वय पंधरा, दहावीचं वर्ष, डोकं मोबाईलमध्ये. ती हसली. पोरगी शत्रुपक्षाला मिळालेली आहे.

१ डिसेंबर, सोमवार.

पहिला दिवस यशस्वी. डाळ, भात, बटाट्याची भाजी. चपात्या गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्रातून. विनिता म्हणाली, ही लबाडी आहे. चपाती हा कच्चा माल आहे, हे तिला समजावलं. समजलं नाही.

ताटाला ४४ रुपये. प्रिन्सीबाई, आवरा दुकान.

मीठ घालायचं राहिलं. माझ्या बीपीला चांगलंच आहे.

३ डिसेंबर, बुधवार.

ताटाला ४१! भात थोडा लागला. विनिता ताटात बोटांनी काळं आणि पांढरं वेगळं करत बसली होती. बोलली असती तर उत्तर तयार होतं.

नंतर माहेरी फोन. भावाशी त्यांच्या बोलीत बोलते, म्हणजे मला कळू नये. लग्नाला अठरा वर्षं झाली, मला त्यातलं ‘भात’ आणि ‘करपला’ कळतं.

७ डिसेंबर, रविवार. दु. १.

उमंग येऊन गेला. हा माझा मेहुणा. राजोडीला त्यांची वाडी आहे. दर रविवारी हा स्कूटरवर पोतं टाकून येतो, माझ्या पार्किंगमध्ये लावतो, माझ्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसतो, माझा चहा पितो आणि मला ‘भावोजी’ म्हणतो. आज पोत्यात नवा तांदूळ, नारळ, सुरण, वालाच्या शेंगा, केळ्यांचा घड.

विनिताने विषय काढला. म्हणे हा सगळा माल बाजारभावाने तुझ्या हिशेबात धर. मी शांतपणे सांगितलं, आमच्या लाइनमध्ये याला फ्री इश्यू मटेरियल म्हणतात. पार्टीने फुकट दिलेला माल. त्याचा रेट शून्य. तेव्हा तो उमंग चहात बिस्किट बुडवत म्हणाला, “भावोजी, मग तुमचं ताट ४१ ला पडत नाही. आमच्या वाडीला पडतं.”

क्षितिजा खिदळली. माझं डोकं सणकलं. म्हटलं, उचल तुझं पोतं. जितेश कोणाच्या वाडीवर जगत नाही. यापुढे राजोडीची काडी या घरात येता कामा नये.

वाटलं होतं, आग्रह करेल. निदान ताईसाठी राहू दे, असं म्हणेल. उठला, पोतं उचललं आणि गेला. टेबलावरची दोन केळीसुद्धा घेऊन गेला.

९ डिसेंबर, मंगळवार.

नारळ ५५ रुपये. एक! दुकानदाराला विचारलं, सोन्याचं पाणी आहे का आत? तो म्हणाला, घ्यायचा तर घ्या. माजलेत सगळे.

नारळ हा आहारात अनावश्यक आहे. आजपासून बंद. वालाच्या शेंगाही अनावश्यक. सुरण खाजरा असतो.

ताटाला ७३. पहिल्या आठवड्याशी सरासरी काढली तर चित्र आशादायक आहे.

११ डिसेंबर, गुरुवार.

विनिताचा मार्गशीर्षातला गुरुवार. उपवास सोडायला साबुदाण्याची खिचडी मागितली होती. खिचडी एकसंध झाली. कालथ्याने वडीसारखी कापून वाढली. ती देवीपुढची केळी खाऊन झोपली. क्षितिजाने दूध-बिस्किटं खाल्ली. उरलेली खिचडी मी खाल्ली, कारण मी वाया घालवत नाही. पोट दगड झालं आहे.

विनिता म्हणाली, नोकरीवरून उपाशी यायचं आणि उपाशी झोपायचं, हे किती दिवस? मी म्हटलं, नोकरी कोणी सांगितली? यानंतर बोलणं बंद. घर शांत. मला शांतताच आवडते.

१२ डिसेंबर, शुक्रवार. संध्या. ७:१५.

कुकरची शिट्टी उडाली. डाळ छतावर. तूर १६० रुपये किलो, त्यातली पाव किलो पंख्यावर.

८:१०. प्रिन्सीकडून तीन पार्सल आणली. हार मानलेली नाही. प्रतिस्पर्ध्याचा माल फोडून बघितल्याशिवाय दर्जा ठरवता येत नाही, याला सॅम्पल म्हणतात. पिठलं, भात, चपात्या, कोबी. कोणाला दाखवायची गरज नव्हती, म्हणून आपल्या पातेल्यांत काढलं. डब्यांची विल्हेवाट गच्चीवरच्या कचऱ्यात. पंखा पुसला.

८:४०. दोघी जेवल्या. पूर्ण. क्षितिजाने पिठलं दोनदा घेतलं. विनिता कालच्या भांडणानंतर पहिल्यांदा बोलली: आज तुझा हात बसलाय. म्हणजे मुळात हात माझ्याकडे होताच.

१५ डिसेंबर, सोमवार.

विचार करून धोरण ठरवलं. आमच्या गोडाऊनमध्ये पॅकिंग बाहेरून करून घेतो, तरी खोक्यावर नाव कंपनीचंच असतं. याला जॉब वर्क म्हणतात. स्वयंपाक बाहेरून करून घेतला तरी ताट घरचंच. हिशेबात घरचाच रेट लावणं योग्य. वरचा फरक मी नव्या फोनसाठी ठेवलेल्या पैशांतून टाकतो. तो माझा खाजगी चहापाण्याचा खर्च, त्याचा इथे संबंध नाही.

आजचं ताट: ४४.

पद्धत बसवली आहे. पार्सल पातेल्यांत. कढईला तेल फासून गॅसवर थोडी काळी करायची. ओट्यावर कांद्याची सालं. दोघींची चाहूल लागली की कुकरमध्ये नुसतं पाणी घालून तीन शिट्ट्या. बारीकसारीक गोष्टींत माझा हात कोणी धरणार नाही.

१७ डिसेंबर, बुधवार.

क्षितिजा म्हणाली, पप्पा, शिट्ट्या आपलं जेवण झाल्यावर का होतात? आज जरा उशीर झाला होता. सांगितलं, उद्याची तयारी. दहावीची मुलं भोळी असतात.

प्रिन्सीला सांगणार होतो, तिखट कमी कर, क्षितिजाला सोसत नाही, आणि माझ्या भाजीत मीठ बेताचं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, तुमच्या तिघांचं तसंच असतं. मी तर कधी बोललो नव्हतो. चांगला व्हेंडर गिऱ्हाइकाचं तोंड बघून ओळखतो. बाई लुटारू आहे, पण धंदा कळतो.

बल्क डिस्काउंट मागितला. महिन्याची हमी देतो म्हटलं. हसली आणि मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं.

१८ डिसेंबर, गुरुवार.

आज सुरणाचे काप. काय चव! मऊ, खाज नाही, आमसुलं बेताची. विनिता खाताना थांबली, माझ्याकडे बघितलं, परत खायला लागली. विचारलं, काय? म्हणाली, आईच्या हातचे आठवले.

तिच्या आईला जाऊन चार वर्षं झाली. आणखी दोन काप वाढले. तेवढ्यापुरतं बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

१९ डिसेंबर, शुक्रवार.

प्रिन्सीला विचारलं, सुरण कुठला? राजोडीचा, म्हणाली. उमंग म्हणून एक आहे, पूर्वी दर रविवारी बहिणीकडे माल घेऊन जायचा, आता तिथे नको म्हणतात, म्हणून तिच्याकडे टाकतो. तांदूळही त्याचाच, नारळही त्याचेच. काप कसे करायचे, तेही त्यानेच फोनवर कोणालातरी विचारून सांगितलं.

म्हणजे जे पोतं मी स्वाभिमानाने घराबाहेर काढलं, ते मी १२० रुपये ताटाने परत घेतोय. मेहुण्याने माझ्या पाठीमागे धंदा मांडला. नीच माणूस. पैसे देऊन पार्सल घेतलं.

२१ डिसेंबर, रविवार.

जाहीर केलं: गुरुवारी २५ ला सुट्टी आहे, सासरे आणि उमंग, दोघांनी जेवायला या. घरचं ताट ४४ ला कसं पडतं, ते डोळ्यांनी बघा आणि तोंडाने खा. विनिता म्हणाली, २५ लाच? नक्की? मी म्हटलं, नक्की. तिने फोन लावला. पुन्हा त्यांची बोली. मायलेकी बराच वेळ हसत होत्या, माझ्या घरात, माझ्याच पैशांच्या रिचार्जवर.

२२ डिसेंबर, सोमवार.

प्रिन्सीच्या काउंटरवर पाटी: नाताळनिमित्त २४ ते २६ बंद.

बंद! व्हेंडर असा बंद राहू शकत नाही. सांगितलं, पाच ताटं, डबल रेट. म्हणाली, रात्री चर्चमध्ये मिस्सा, घरी पाहुणे, करंज्या तळायच्यात, आणि नाताळ हा नाताळ. मी म्हटलं, मला व्हेंडर बदलावा लागेल. ती म्हणाली, बदला ना. आणि पार्सलवर प्लास्टिकची एक चांदणी चिकटवून दिली.

२५ डिसेंबर, गुरुवार. सकाळी १०.

स्वतः करणार. गुरुवार असल्याने सासरे शाकाहारी. साधा बेत. आत्मविश्वास आहे.

११:३०. नाही.

दु. १२:१५. हायवेवरच्या हॉटेलातून पाच माणसांचं आणलं. पनीरची भाजी, दाल, जिरा राईस, तंदुरी रोटी. पातेल्यांत काढलं. पनीरच्या रश्श्याचा रंग ट्रॅफिक पोलिसाच्या जाकिटासारखा. वरून कोथिंबीर पेरली. पाण्याच्या तीन शिट्ट्या.

संध्या. ५.

सासरे हळू जेवतात. वय ७४, प्रत्येक घास बघून घेतात. उमंग मान खाली घालून. क्षितिजाने विचारलं, पप्पा, आपल्या तव्यावर रोटीला असे फोड कसे आले? मी म्हटलं, आच. सासऱ्यांनी रोटी उलटीपालटी करून बघितली, ताटाच्या कडेला ठेवली आणि अगदी मायेने विचारलं, “जितेशराव, प्रिन्सी आज बंद असेल, नाही?”

उमंगला ठसका लागला. विनिताने त्याला पाणी दिलं आणि माझ्या ताटात दही वाढलं.

मी म्हटलं, कोण प्रिन्सी?

सासरे म्हणाले, असते एक, आपले नारळ घेते. आणि दहीभात कालवायला लागले. माझ्या मते त्यांना काहीही संशय आलेला नाही. सणाची चौकशी होती.

जाताना उमंगने स्कूटरच्या डिकीतून एक नारळ काढून दारात ठेवला. मी बघितलं नाही असं केलं. आत आणला.

३१ डिसेंबर, बुधवार.

निकाल. महिन्याचा तक्ता विनितापुढे ठेवला. सरासरी ताट ४९. पन्नासच्या आत! एकही प्रश्न न विचारता तिने खाली सही केली. म्हणाली, मान्य, घरचं स्वस्त. ठरलंय तसं पुढे कायम तूच कर. क्षितिजाने साक्षीदार म्हणून सही केली. दोघींनी टाळ्या वाजवल्या.

जिंकलो. बारा वर्षांचा अनुभव वाया जात नाही. फोनसाठी ठेवलेल्या पैशांत ३१० उरले आहेत. पण फोन काय, जुनाही चालतो.

२ जानेवारी, शुक्रवार.

प्रिन्सीचा नव्या वर्षाचा रेट १३०. भांडायला सुरुवात केली. काउंटरमागे उमंग नारळ उतरवत होता. हॅपी न्यू इयर भावोजी, म्हणाला. माझ्या हातातली पिशवी घेऊन माझ्याच स्कूटरला अडकवली. प्रिन्सी म्हणाली, विनिताचा कालच फोन आला होता, आजपासून परत तिघांचं सुरू, तिखट कमी, एका भाजीत मीठ बेताचं. पहिल्या दिवसापासून तिनेच सांगून ठेवलंय, तुम्हाला माहीत नव्हतं?

मी म्हटलं, माहीत होतं.

घरी आलो. पातेल्यांत काढलं. कढईला तेल फासलं. कुकरला पाण्याच्या तीन शिट्ट्या दिल्या, कशाला ते मलाही सांगता येणार नाही. दोघी जेवल्या. विनिता म्हणाली, छान झालंय. आणि टीव्हीपुढे जाऊन बसली.

आत्ता ३० नोव्हेंबरचं पान काढून वाचलं. पार्सल प्रिन्सीचं, आणायचं मी, पैसे माझे. सगळं तिने मागितलं होतं तसंच आहे. फक्त त्या पानावर भांडी ती घासणार होती.

कुकर, कढई, तीन पातेली. उठतो.