दुसऱ्या बटणावरची राणी

अहो,

व्याख्यानाला तुमची नवी इलेक्ट्रिक गाडी न्यावी म्हणून सकाळी तिच्यात बसले. सीटची ठेवण लक्षात ठेवणारे पहिले बटण तुमचे आणि दुसरे माझे, असे तुम्हीच सांगितले होते. दुसरे दाबताच सीट इतकी मागे सरकली की माझे पाय ब्रेकपर्यंत पोचेनात. पाठीला मसाज सुरू झाला आणि पडद्यावर 'ये गं, राणी' असे उमटले. मला तुम्ही लग्नापासून 'प्राध्यापकबाई' म्हणत आला आहात.

तीन सेकंदांत शंभरचा वेग घेणाऱ्या या गाडीला थाप तेवढी मारता येत नाही.

मी टॅक्सीने जाते आहे. खुलासा संध्याकाळी ऐकेन. दुसरे बटण मात्र आता माझ्या उंचीला लावून ठेवले आहे. राणीसाहेबांना यापुढे गुडघे हनुवटीशी घेऊनच विहार करावा लागेल.