चार बोटं जास्तीचं कापड

ती. आईस,

पायांवर डोकं ठेवते. बाकी पत्रात मात्र मान खाली घालणार नाही.

मी आणि तुझी नात चिमणी मजेत आहोत. शिवणाच्या कारखान्यात मला आता कॉलर लावायचं काम देतात. तुझे गुडघे कसे आहेत? मास्तरांचेही दुखतात, तुमचं छान जमेल.

हो, तेच आमचे कटिंग मास्तर, ज्यांच्यावरून दादाने तुझे कान भरले. बाबांहून जेमतेम लहान आहेत, खरं आहे. शाळेत बाईंनी त्यांना चिमणीचे आजोबा समजून खुर्ची दिली. ते कसनुसे हसले. मीच म्हटलं, "आजोबा नाहीत बाई, आम्ही लग्न करतोय."

उद्या ते अंथरुणाला खिळले तर, असं तू विचारलंस. तर मी त्यांचं सगळं करीन. भीती मलाही वाटते. पण चिमणीचा बाप चांगला धडधाकट होता, पळून जाण्याइतका.

परवा मास्तरांनी तिला फ्रॉक शिवला. एरवी चिंधीसुद्धा वाया न घालवणारा माणूस, पण फ्रॉकच्या खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवलं. मी म्हटलं, "मास्तर, माप चुकलं." तर म्हणाले, "पोर वाढेल ना. दरवर्षी थोडं उसवून देईन."

माझ्या लेखी लग्न तिथेच लागलं.

तू येणार असशील तर तुझं माप कळव. येणार नसशील तरी कळव. ते शिवून ठेवणार आहेत.

तुझीच,
हट्टी